पानाच्या डब्यातला मापाडी

भीमजयंतीची धामधूम संपली आणि कोपरखैरण्याच्या सावली महिला गायन मंडळातल्या बायकांना एकाएकी दम लागायला लागला. एकीला नव्हे, सगळ्यांना. गाणं नेहमीचंच होतं, वेणूबाईंनी स्वतः रचलेलं, दर बुद्धपौर्णिमेला विहारात म्हटलं जाणारं: 'उजेड आला बाई, उंबऱ्यात थांबला.' पण यंदा उजेड उंबऱ्यात थांबायच्या आत मंडळाचा श्वास संपत होता.

जी ती आपापल्या परीने उपाय करू लागली. रंगूबाईंनी खाडीकाठच्या रस्त्यावर पहाटेच्या फेऱ्या सुरू केल्या. जयमालाने दही, लोणचं आणि नवऱ्याशी भांडण हे तिन्ही बंद केलं, कारण तिन्हींनी घसा बसतो. पुतळाबाई सरळ डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरांनी छाती तपासली, ईसीजीची पट्टी काढली आणि "मावशी, तुमची तब्येत माझ्यापेक्षा चांगली आहे" असं सांगून घरी पाठवलं. याचा पुतळाबाईंना फार राग आला.

वेणूबाईंनी मात्र काहीच केलं नाही, आणि त्यांच्या सुनेला, संघप्रियाला, त्याचीच भीती वाटली.

संघप्रिया तुर्भ्याच्या एमआयडीसीत एका प्रयोगशाळेत काम करायची. कारखान्यांचे काटे, तापमापक, दाबमापक तिच्याकडे यायचे आणि ते खरं बोलतात की नाही हे ती तपासायची. स्वतः ती अगदी कमी बोलायची. लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला पहिल्याच सकाळी कळलं, की इथे चहाच्या आधी कुणी बोललंच पाहिजे असं नाही, कारण सासूबाई भाकरी थापता थापता गात असतात आणि घर त्यानेच भरून जातं. कमी बोलणाऱ्या माणसाला याहून सोयीचं सासर मिळणार नाही. गेले काही दिवस मात्र सकाळी स्वयंपाकघरातून नुसती थापच ऐकू यायची. भाकरी गोल, पातळ, नेहमीसारखी फुगलेली, पण मुकी.

मग त्या रविवारच्या तालमीत ते झालं. गाण्यात एक जागा आहे. 'उजेड' या शब्दावर आवाज वर जातो, तिथे थांबतो आणि सगळ्या बायका खाली ठेका धरून वाट बघतात. ती जागा वेणूबाईंची. त्या दिवशी त्या वर गेल्या आणि आवाज मध्येच फाटला. पुन्हा घेतलं, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा त्यांनी घेतलंच नाही. पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "जयमाले, यंदा हे तू म्हण."

"मी? वेणूताई, मी तिथपर्यंत गेले तर परत येनार नाय!"

"म्हण गं. माझा गळा गेला. एवढी पौर्णिमा झाली की मी मंडळ सोडते. मागं बसून टाळ्या वाजवायला कुनी तरी पायजेच."

  सासूबाईंना घरी न्यायला आलेली संघप्रिया दाराशी उभी होती. 

यंदा एकच गोष्ट नवी होती, ती म्हणजे वाजवणारा माणूस नव्हता. मंडळाचे पेटीवाले हौसेराव दिवाळीत कायमचे जालन्याला लेकीकडे राहायला गेले. जाण्यापूर्वी त्यांनी विहारात बसून साऱ्या गाण्यांची साथ रेकॉर्ड करून दिली. पेटी त्यांची, ढोलकी त्यांच्या पुतण्याची. रेकॉर्डिंगचं यंत्र शेजारच्या झहूरभाईंचं. मूळचे म्हसळ्याचे झहूरभाई मस्कतहून कायमचे परतले तेव्हा त्यांनी बरोबर आणलेलं ते, छोट्या चकत्यांवर रेकॉर्ड करणारं. बाजारातून अशी यंत्रं केव्हाच गेली, पण झहूरभाईंचं अजून टवटवीत होतं. खाऱ्या हवेने त्याच्या मागची, तार खोचायची नेहमीची भोकं तेवढी गंजली होती. आवाज बाहेर यायला आता एकच वाट उरली होती, विजेऐवजी लाल उजेडाने आवाज नेणाऱ्या केबलची. भीमजयंतीनंतर त्या वाटेने वेणूबाईंच्या मुलाने, सुगतने, साथ लॅपटॉपवर घेतली, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि ती केबल लॅपटॉपला जोडायला मित्राकडून उसनं आणलेलं साउंड कार्ड परत करून टाकलं. तेव्हापासून बायका त्या फाइलबरोबर गात होत्या.

"निदान सूर तरी बघून घेऊ," जयमाला म्हणाली. मोठ्या जागेच्या भीतीने तिला घाम फुटला होता. हौसेरावांची जुनी पेटी विहारातच होती. तिने भाता हलवला, फोनवर साथ लावली आणि कुठल्या पट्टीत आहे ते शोधू लागली.

काळी चार दाबली. "खाली वाटते."

पांढरी सहा दाबली. "आता वर वाटते."

"मग मधली दाब," रंगूबाई म्हणाल्या.

"मधे काय नाय! मधे फट हाय!"

"पेटी उतरली असेल," पुतळाबाई म्हणाल्या. "सगळ्यांचंच वय झालंय यंदा."

बायका हसल्या. संघप्रिया हसली नाही. ती चपला काढून आत आली, जयमालाच्या शेजारी बसली आणि तिनेही दोन्ही पट्ट्या दाबून पाहिल्या. फोनमधली पेटी खरोखरच दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत वाजत होती. पेटी जुनी झाली की बेसूर होते हे खरं, पण ही तर तीच पेटी होती! बेसूर झालीच असती तर दोन्हीकडे सारखीच झाली असती.

तिने तिथूनच हौसेरावांना फोन लावला.

"हौसेकाका, जय भीम. 'उजेड'ची साथ कुठल्या पट्टीत वाजवलीत?"

"जय भीम पोरी! पांढरी पाच. वेणूबाईंची पट्टी जन्मात बदलली नाय."

"जरा ऐकता?" तिने एक फोन दुसऱ्या फोनला लावला.

हौसेराव थोडा वेळ ऐकत राहिले. "कोन वाजवतंय हे? नवीन पोरगं धरलं का? हात बरा हाय त्याचा. पन मागं कुत्रं लागल्यागत कशाला पळतंय?"

"काका, हे तुम्हीच आहात."

 पलीकडून लेकीला मारलेली हाक ऐकू आली, "अगं ए, मी कधी असा वाजवत होतो का गं?"

संघप्रियाने फोन ठेवला तेव्हा तिच्या अंगात झिणझिण्या आल्या होत्या. अशा झिणझिण्या तिला प्रयोगशाळेत वर्षातून एखाद्या वेळी यायच्या, सगळ्यांनी खरा मानलेला काटा खोटा निघायच्या बेतात असला की. साथीच्या सुरुवातीला एक घंटा वाजते. ती विहारातलीच. थायलंडहून आलेल्या भन्तेजींनी दिलेली ती पितळी घंटा या क्षणी तिच्या डोक्यावरच लटकत होती. पितळेचं वय होत नाही, त्याला दमही लागत नाही. तिने फोनवर सूर मोजायचं ॲप उघडलं, उठली आणि घंटेला टोला दिला.

"आता कसली घंटा?" रंगूबाई दचकल्या. "वंदना झाली की मघाशी!"

 ॲपवर आकडा आला, सातशे पस्तीस. मग तिने रेकॉर्डिंगमधली घंटा लावली. आकडा आला, आठशे.

तिने आठशेला सातशे पस्तीसने भागलं. मग डिजिटल आवाजाच्या दोन ठरलेल्या वेगांपैकी मोठ्याला, अठ्ठेचाळीसला, लहान्याने, म्हणजे चव्वेचाळीस पूर्णांक एक दशांशाने भागलं. दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवली आणि बघतच राहिली. चौथ्या दशांश स्थळापर्यंत ती एकच होती.

"आई," ती म्हणाली, "तुमचा गळा गेलेला नाही."

"मग कुटं गेला?"

"कुठेच नाही. यंत्र तुम्हाला वर ओढतंय. आणि पळवतंय. सगळ्यांना."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. वेणूबाई सुनेकडे बघून समजूतदारपणे हसल्या. सून चांगली आहे, सासूचं मन राखायला काहीही बोलते, असं ते हसू होतं. त्या पिशवी उचलून चालू लागल्या. विश्वास त्यांनी जराही ठेवला नाही.

घरी सुगत नुकताच जेवायला बसला होता. न्हावा शेव्याला क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात तो कागदपत्रं बघायचा. कंटेनरच्या कागदावर एक माल आणि आत दुसराच असला की त्याला म्हणे नुसत्या वासानेच कळायचं. या नाकाबद्दल घरात रोज जेवताना एकदा तरी ऐकावं लागे.

"फाइल घेताना आकडा काय टाकला होतास?" संघप्रियाने विचारलं.

"अठ्ठेचाळीस हजार. विहारातला कर्ण्यांचा नवा मिक्सर अठ्ठेचाळीसचाच आहे ना. म्हटलं आधीच जुळवून ठेवू." तो खूश दिसला. "का? मस्त झालंय ना?"

"झहूरभाईंचं यंत्र सेकंदाला चव्वेचाळीस हजार एकशेच तुकडे देतं. कार्ड त्याच्याच तालावर चाललं होतं. तू बाहेर चिठ्ठी लावलीस अठ्ठेचाळीसची."

सुगतचा घास हातात राहिला. "म्हणजे आत चव्वेचाळीस आणि लेबल अठ्ठेचाळीसचं?"

"हो."

"प्रिया, हे तर मिसडिक्लेरेशन झालं."

"हो."

"असा माल पोर्टातून बाहेरच पडू देत नाही आम्ही! कोणी के..." तो थांबला.

कोपऱ्यात बसलेले त्याचे वडील, भगवान, एवढे जोरात हसले की त्यांना ठसका लागला. घरात सगळे त्यांना दादा म्हणत. तुर्भ्याच्या मार्केटात त्यांनी जन्मभर मापाडी म्हणून धान्य मोजलं होतं. "नाक कुटं गेलं होतं रे तुझं?" ते म्हणाले. "पन सूनबाई, आवाजाचे तुकडे म्हंजे काय, ते नाय कळलं."

एरवी संघप्रियाने दोन वाक्यांत संपवलं असतं. आज तिला बोलावंसं वाटत होतं. "दादा, समजा ट्रकातून मिनिटाला चव्वेचाळीस गोण्या उतरतात. आणि घेणारा असा आहे, की त्याला मिनिटाला अठ्ठेचाळीसच लागतात."

"मग तो येडा हाय."

"येडाच. पण त्याला दुसरं काही येत नाही. तो भराभर ओढून घेतो आणि तासाभराचा ट्रक पंचावन्न मिनिटांत रिकामा करतो. आईंचं गाणं तसं रिकामं होतंय. आणि आवाज नुसता लवकर संपत नाही, वरही चढतो."

"मग उपाय?"

"मध्ये मापाडी बसवायचा. तो येणाऱ्या गोण्या सोडणार, माल सारखा करणार आणि त्याच मालाच्या जरा लहान, पण मिनिटाला अठ्ठेचाळीस गोण्या भरून पुढे देणार. माल तेवढाच, वेळही तेवढाच."

भगवान ताठ बसले. "असा मापाडी मिळतो?"

"मिळतो. सॅम्पल रेट कन्व्हर्टर म्हणतात. एवढासा असतो," तिने काडेपेटीएवढी खूण केली.

"मापाडीच म्हनायचं त्याला," भगवान म्हणाले. "उगाच लांबन लावू नका."

भांडी आवरत असलेल्या वेणूबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या गळ्यापायी यंत्रं आनू नका. फुटक्या मडक्याला कल्हई करून काय फायदा?"

फोनवरच्या फाइलचा वेग कमी करता आला असता. संघप्रियाने ते करूनही पाहिलं. वेग उतरला, पण फोनने मोठ्या शहाणपणाने पट्टी तिथल्या तिथेच ठेवली आणि हौसेरावांची पेटी नळातून बोलल्यासारखी यायला लागली. लॅपटॉपवरची मूळ फाइल सुगतने कधीच पुसली होती. मग तिने झहूरभाईंचं यंत्रच विहारात नेलं आणि केबल थेट मिक्सरला जोडली. मिक्सरवर लाल दिवा लुकलुकायला लागला आणि कर्ण्यांतून भजी तळल्यासारखा आवाज आला. येड्याला चव्वेचाळीस गोण्या मंजूर नव्हत्या.

मापाडी आला तो सुगतच्या हातून. प्रायश्चित्त म्हणून तो स्वतः मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन घेऊन आला. हिरवी पट्टी, त्यावर काळी चौकोनी चिप, एका कडेला उजेडाच्या केबलचं तोंड, दुसऱ्या कडेला तारेचं, मधे तांदळाच्या दाण्याएवढे तीन पांढरे खटके आणि एक दिवा. नुसता उघडा ठेवला तर विहारातली मुलं त्याला हात लावणार. धातूची पेटी हवी होती. संघप्रियाने घरभर शोधलं आणि तिची नजर दादांच्या ॲल्युमिनियमच्या पानाच्या डब्यावर थांबली.

"नाय!" भगवान म्हणाले.

"दादा, तुम्ही पान सोडलंत ना?"

"पान सोडलं. डबा नाय सोडला."

"मापाड्याच्या डब्यात मापाडी राहील."

 मग भगवाननी स्वतःच डबा पुसून दिला आणि सुगत भोकं पाडत होता तेव्हा तोंड फिरवून बसले.

रविवारी दुपारी सगळं मंडळ विहारात जमलं. संघप्रिया मिक्सर ठेवलेल्या कपाटापुढे मांडी घालून बसली. डबा कपाटाच्या फळीला स्क्रूने घट्ट केला. विजेची तार दिली. खटके पुस्तिकेतल्या तक्त्याप्रमाणे लावले, दोन वर, एक खाली, म्हणजे बाहेर पडणारा माल अठ्ठेचाळीस हजारांचा. यंत्रापासून डब्यापर्यंत मापाड्याबरोबरच आणलेली उजेडाची नवी केबल, डब्यापासून मिक्सरपर्यंत साधी तार. केबल डब्यात जरा घट्ट बसली, पण बसली.

"लाव गं," रंगूबाई म्हणाल्या.

चकती फिरायला लागली. डब्याच्या भोकातून लाल दिवा दिसत राहिला. माल मिळाला की तो हिरवा व्हायला हवा होता. कर्ण्यांतून भज्यांचाही आवाज आला नाही.

संघप्रियाने वीज तपासली. खटके तपासले. तार उलटसुलट करून पाहिली. मागे सल्ल्यांची सभा भरली होती.

"एक थाप मार त्याला. आमच्या घरच्या मिक्सरला तशीच मारावी लागते."

"दादांच्या डब्यात तंबाखूचा वास असंल. यंत्राला चढली असंल."

"झहूरभाईंना बोलवा, त्यांची मशीन त्यांचंच ऐकते."

झहूरभाई मागेच उभे होते. "अहो, मस्कतमध्ये तर माझंही ऐकायची नाही!"

वेणूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "ऱ्हाऊ दे प्रिया," त्या हळूच म्हणाल्या. "बस झालं."

संघप्रियाने केबल डब्यातून उपसली आणि तिचं टोक डोळ्यांसमोर धरलं. केबलमधून लाल उजेड यायला हवा होता. तिथे अंधार होता. तिने टोक नखाने चाचपलं. टोकावर दुकानातून आलेलं इवलंसं काळं रबरी टोपण तसंच होतं. ते तिने काढलं. लाल ठिपका लख्ख पेटला.

"काय झालं गं?" जयमालाने विचारलं.

"टोपण," संघप्रिया म्हणाली. "उजेड आला होता. टोपणाशी थांबला होता."

"उंबऱ्यात!" रंगूबाई ओरडल्या. "उजेड आला बाई, उंबऱ्यात थांबला!"

आणि मग कधी नव्हे ते झालं. संघप्रियाला हसू फुटलं. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग ती मांडी मोडून फळीला टेकली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत राहिली. एम.एस्सी. फिजिक्स, इतक्या वर्षांची नोकरी, आणि टोपण! एवढ्या वर्षांत तिला असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. ती हसते म्हणून जयमाला हसली, जयमाला हसते म्हणून पुतळाबाई, आणि झहूरभाई तर का हसताहेत हे न कळताच सर्वांत मोठ्याने. वेणूबाई सुनेकडे टक लावून बघत होत्या. त्यांच्याही ओठांचा कोपरा हलला.

तिने केबल परत खोचली. या वेळी ती सटकन बसली. दिवा हिरवा झाला.

"सुगत, घंटा," ती म्हणाली.

सुगत घंटेपाशी दोरी धरून उभा राहिला. चकतीवरची घंटा वाजली त्याच क्षणी त्याने टोला दिला. कर्ण्यातली घंटा आणि डोक्यावरची घंटा एकमेकींत अशा मिसळल्या की कुठली कुठली ते सांगता येईना. कुठे कंप नाही, कुठे खटका नाही, एकच लांबच लांब आवाज. संघप्रियाने ॲप उघडलंही नाही.

पाठोपाठ पेटी सुरू झाली. बायकांनी जोशात तोंड उघडलं, आणि पहिल्याच ओळीला सगळ्या हौसेरावांच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांची ओळ संपली तरी ढोलकी अजून अर्ध्या वाटेत होती.

"झोपेत वाजवतोय का हा मानूस?"

"बॅटरी उतरली वाटतं!"

"प्रिया, तुझा मापाडी काटा मारतोय बघ!"

"नाही हो," संघप्रिया म्हणाली, "हाच खरा वेग आहे. तुम्ही महिनाभर पळत होता."

"म्हंजे मी रोज पहाटे खाडीवर गेले ते फुकट?" रंगूबाईंनी कंबरेवर हात ठेवले. "सुगत, इकडं ये बरं जरा!" सुगत घंटेच्या मागे सरकला.

पुन्हा सुरुवात झाली. या वेळी बायकांनी स्वतःला आवरलं, आणि आवरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की श्वास उरतोय. ओळ संपली तरी उरतोय. पुतळाबाईंना तर काय करावं सुचेना, उरलेल्या श्वासात त्या शेजारणीशी दोन शब्द बोलूनही घेत होत्या. गाणं त्या जागेशी आलं. जयमालाने घाबरून वेणूबाईंकडे पाहिलं. वेणूबाई भिंतीलाच टेकल्या होत्या. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. ठेका चालू राहिला. पेटी सूर धरून थांबली, जन्मभर थांबत आली होती तशी, पांढरी पाचवर.

वेणूबाईंनी डोळे मिटले आणि बसल्या जागेवरून सूर लावला. महिनाभराच्या धास्तीने त्यांनी सगळं बळ एकवटलं होतं, पण सूर होता हाताशीच. जिना संपला आहे हे न कळून माणूस आणखी एक पायरी चढायला जातो, तशा त्या क्षणभर अडखळल्या. मग 'उजेड' हा शब्द विहारभर पसरला आणि तिथेच राहिला.

मधेच त्या थांबल्या. "अगं," त्या म्हणाल्या, "एवढंच होतं?"

"एवढंच होतं, आई."

"आनि मी गळ्याला शिव्या देत होते!" त्या उठल्या. चप्पल बाहेर होती, म्हणून त्यांनी पेटीवरचं फडकं उचललं. "सुगत!"

पोर्टातल्या कुठल्याही मालाला वासावरून ओळखणारा सुगत तोवर विहाराबाहेर पोचला होता.

बुद्धपौर्णिमेला विहार ओसंडून वाहत होता. पांढऱ्या साड्या नेसलेलं मंडळ पुढे बसलं. कपाटातल्या पानाच्या डब्यात हिरवा दिवा लागला होता आणि भगवान येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवत होते. "आमचा डबा हाय. आत मापाडी बसलाय." मोठी जागा आली आणि वेणूबाईंनी ती अशी घेतली की जालन्याहून फोनवर ऐकणारे हौसेराव "हां! हा मी!" असं ओरडल्याचं पहिल्या दोन रांगांना ऐकू आलं.

गाणं संपलं. टाळ्या थांबेनात. "आणखी एकदा!" मागून कुणी ओरडलं.

रंगूबाई वेणूबाईंकडे झुकल्या. एवढ्या दिवसांच्या फेऱ्या त्यांना वाया जाऊ द्यायच्या नव्हत्या. "वेणूताई, सुगतच्या चालीवर म्हनायचं का?"

"साथ कशाची?"

"हाताला काय झालंय?"

वेणूबाईंनी एकदा सुनेकडे पाहिलं. संघप्रियाचा हात मिक्सरच्या बटणावर होता. तिने तो उचलला आणि मांडीवर ठेवला.

टाळीवर सुरू झालं. सुगतच्या चुकीचा तोच वेग, तोच चढा सूर, पण या वेळी कुणी ओढत नव्हतं, बायका आपल्या पायांनी पळत होत्या. पुतळाबाईंची वेणी सुटली. जयमाला हसता हसता गात होती आणि गाता गाता हसत होती. लहान मुलं उभी राहून नाचायला लागली. ती जागा आली. टाळ्या खाली आल्या, सगळा विहार श्वास रोखून बसला, आणि वेणूबाई वर गेल्या. जिथे महिनाभर आवाज फाटत होता तिथे, दोन पट्ट्यांच्या मधल्या त्या फटीत, पेटीला जिथे उभं राहायला जागा नाही तिथे त्या उभ्या राहिल्या. आणि खाली यायचं नावच घेईनात.

"वैनी, ही कुठली पट्टी?" झहूरभाई मागून ओरडले.

"माझी!" वेणूबाई सूर न सोडताच म्हणाल्या, आणि विहारात नुसता कल्लोळ झाला.

"आणि मंडळ सोडायचं काय झालं, आई?" संघप्रियाने ओरडून विचारलं. आज तिचा आवाजही मोठा लागला होता.

वेणूबाईंनी हातानेच उडवून लावलं, आणि त्याच हाताने तिला पुढे ओढून टाळ्यांच्या रांगेत बसवलं.

मागे कपाटात चकती केव्हाच संपून थांबली होती. डब्यातला दिवा हिरव्याचा लाल झाला. मोजायला काही येत नव्हतं, म्हणून मापाडी नुसता बसून होता.